आठवड्याच्या गोळीमागचा माणूस

औषधांचा डबा नाही असं घर आता शोधूनही सापडायचं नाही. त्यात बीपीची गोळी असते, शुगरची असते, आणि पुष्कळ घरांत एक गोळी अशी असते की जी रोज घ्यायची नसते. आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी घ्यायची. तिचं नाव मेथोट्रेक्सेट. आमवाताने, म्हणजे रुमेटॉइड आर्थ्रायटिसने, ज्यांची बोटं सकाळी आखडतात, ज्यांना कुकरचं झाकण उघडता येत नाही की कणीक तिंबता येत नाही, त्या मैत्रिणींना हे नाव तोंडपाठ असतं. सोरायसिसवाल्यांनाही ते माहीत असतं आणि रक्ताच्या कर्करोगाशी झगडणाऱ्या लेकरांच्या आयांनाही. या गोळीच्या शेजारी बहुतेक वेळा दुसरी एक छोटी गोळी असते, फॉलिक अ‍ॅसिडची. गरोदर असताना आशाताई लाल गोळ्यांचं पाकीट हातात ठेवते, त्यातही लोहाबरोबर हेच असतं.

या दोन्ही गोळ्यांशी ज्याचं नाव जोडलेलं आहे, तो माणूस आंध्रातला. त्याचं नाव यल्लाप्रगडा सुब्बाराव. त्यांची गोष्ट आज सांगायचं कारणही सांगते.

नवी मुंबईत बचत गट आणि महिला मंडळांच्या आरोग्य शिबिरांचं काम करताना गेली काही वर्षं एकच प्रश्न पुन्हापुन्हा कानावर येतो. मला ही गोळी चालू आहे, मग मी लस घेऊ का? आणि घेतली तर ती लागू पडेल का? २०२१ मध्ये करोनाच्या लशीसाठी रांगा लागल्या, तेव्हा तर हा प्रश्न घरोघरी गेला. कुणी घाबरून लस टाळली, कुणी लशीसाठी स्वतःच्या मनाने सगळी औषधं बंद केली आणि पंधरा दिवसांत सांधे धरून बसली. मी कला शाखेची पदवीधर, शास्त्र शाळेत सुटलं ते सुटलंच. पण शिबिरात येणाऱ्या डॉक्टरांना विचारत, मिळेल ते वाचत गेले. जे वाचायला घ्यावं, त्याच्या मुळाशी फिरून हेच नाव यायचं.

सुब्बाराव यांचा जन्म १२ जानेवारी १८९५ चा, गोदावरीच्या मुलखातल्या भीमावरम गावचा. हा भाग तेव्हा मद्रास इलाख्यात होता. वडील जगन्नाथम महसूल खात्यात कारकून, आई वेंकम्मा, घरात सात भावंडं. पैशाची ओढाताण कायमचीच. मुलगा हुशार होता, पण अभ्यासात मन लावणारा नव्हता. तेराव्या वर्षी तो काशीला जायला घरातून पळाला होता. यात्रेकरूंना केळी विकून पैसा करायचा त्याचा बेत होता. आईने त्याला परत आणलं आणि शाळेत बसवलं. पुढे वडील गेले, तरी वेंकम्मांनी त्याचं शिक्षण सोडू दिलं नाही. मॅट्रिकला हा मुलगा दोनदा नापास झाला आणि तिसऱ्या खेपेला मद्रासहून पास झाला. दहावीत एकदा मार्क कमी पडले म्हणून पोराला टाकून बोलणाऱ्या आपण आया, आपण हे लक्षात ठेवायला हवं.

मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात असताना त्यांच्या मनाने संन्यासाची ओढ घेतली. रामकृष्ण मिशनमध्ये जाऊन सेवेला वाहून घ्यावं असं त्यांना वाटे. त्यासाठी आईची परवानगी हवी होती आणि वेंकम्मांनी ती साफ नाकारली. मग सेवेची दुसरी वाट म्हणून त्यांनी मद्रास मेडिकल कॉलेजात नाव घातलं. फीचा प्रश्न होता. मित्रांनी हातभार लावला, आणि कस्तुरी सूर्यनारायण मूर्ती या गृहस्थांनी मदत केली. त्यांची मुलगी शेषगिरी हिच्याशी १९१९ मध्ये सुब्बारावांचं लग्न झालं.

तो काळ स्वदेशीचा होता. गांधीजींच्या हाकेला ओ देऊन या विद्यार्थ्याने विलायती कापड सोडलं आणि शस्त्रक्रियेच्या वर्गातही खादीचा डगला घालून गेला. शस्त्रक्रियेचे इंग्रज प्राध्यापक नाराज झाले. लेखी परीक्षेत चांगलं यश मिळूनही सुब्बारावांच्या हाती एमबीबीएसऐवजी एलएमएस ही खालची पदवी पडली. त्या पदवीवर सरकारी वैद्यकीय सेवेत शिरकाव होईना. शेवटी मद्रासमध्ये डॉ. लक्ष्मीपती यांच्या आयुर्वेद महाविद्यालयात शरीररचना शिकवण्याची नोकरी त्यांनी धरली.

याच वर्षांच्या आसपास घरावर घाला पडला. त्यांचे दोन भाऊ आठ दिवसांच्या अंतराने गेले. आजार होता स्प्रू. आपल्याकडे संग्रहणी म्हणतात त्याच जातीचा. जुलाब थांबत नाहीत, खाल्लेलं अंगी लागत नाही, रक्त कमी होत जातं आणि माणूस डोळ्यांदेखत वाळत जातो. सुब्बारावांनाही तो झाला आणि डॉ. लक्ष्मीपतींच्या आयुर्वेदिक उपचारांनी ते वाचले. एका घरातली दोन कर्ती मुलं एका आठवड्यात गेली आणि डॉक्टर झालेल्या भावाला काही करता आलं नाही. स्प्रूमध्ये शरीराला फॉलिक अ‍ॅसिड मिळत नाही, हे तेव्हा जगात कुणालाच ठाऊक नव्हतं. फॉलिक अ‍ॅसिड हे नावही जन्माला यायचं होतं.

अमेरिकेत जाऊन शिकायचं हे त्यांच्या मनाने घेतलं. एका धर्मादाय निधीची आणि सासऱ्यांची मदत घेऊन ते निघाले, आणि ऑक्टोबर १९२३ मध्ये बॉस्टनला उतरले. शेषगिरी माहेरी राहिल्या. नवरा गेल्यानंतर त्यांना मुलगा झाला, आणि तो तान्हेपणीच गेला. बापाने मुलाचं तोंड पाहिलं नाही. शिकून परत येईन म्हणून गेलेला नवरा पुढच्या पंचवीस वर्षांत परतला नाही. त्यांची भेट पुन्हा कधीच झाली नाही. थोर माणसांच्या चरित्रांत अशा बायकांना दोन ओळी मिळतात. त्यांनी मागे बसून काय सोसलं असेल, ते आपल्याला न सांगताही कळतं. सुब्बारावांचं मोठेपण मान्य करताना शेषगिरींच्या वाट पाहण्याचाही हिशेब मांडायला हवा, असं मला वाटतं.

हार्वर्डमध्ये उष्ण कटिबंधातल्या रोगांच्या अभ्यासक्रमाला त्यांना प्रवेश मिळाला, पण शिष्यवृत्ती मिळाली नाही. पोटासाठी त्यांनी तिथल्याच एका रुग्णालयात रात्रपाळी धरली. काम काय, तर रोग्यांची शौचाची भांडी उचलायची, धुवायची. रात्री हे काम आणि दिवसा वर्ग. मुलाला परदेशी पाठवताना आज आपण कर्ज काढतो, गाजावाजा करतो. तिथे गेल्यावर भांडी घासावी लागली तर कमीपणा मानू नये, एवढं या गोष्टीतून मुलांना जरूर सांगावं.

पदविका हाती आल्यावर ते सायरस फिस्के यांच्या जीवरसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत दाखल झाले. १९२५ मध्ये दोघांनी रक्तातलं आणि लघवीतलं फॉस्फरस मोजण्याची पद्धत शोधली. ती फिस्के-सुब्बाराव पद्धत म्हणून आजही शिकवली जाते. पुढे स्नायूंमध्ये शक्ती साठवणारे पदार्थ त्यांनी वेगळे काढले. त्यातलाच एक एटीपी, म्हणजे आपल्या पेशींचं रोजच्या खर्चाचं चलन. १९३० मध्ये पीएचडी मिळाली, पण हार्वर्डने त्यांना कायमची प्राध्यापकी दिली नाही. स्वतःचं नाव पुढे करण्याची सवय नसलेला हा माणूस होता. १९४० मध्ये त्यांनी विद्यापीठ सोडलं आणि न्यूयॉर्कजवळच्या पर्ल रिव्हर इथल्या लेडर्ले या औषध कंपनीत गेले. दोन वर्षांत ते तिथल्या संशोधनाचे प्रमुख झाले.

आता थोडं मागे, आणि आपल्या मुंबईत येऊ या. कारण फॉलिक अ‍ॅसिडची गोष्ट सुरू होते ती परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमधून, आणि सुरू करणारी एक बाई आहे. ल्युसी विल्स या इंग्रज डॉक्टर १९२८ मध्ये भारतात आल्या. गरोदर बायका तेव्हा एका विचित्र रक्तक्षयाने दगावत होत्या. गिरण्यांत राबणाऱ्या गरीब बायका, खायला जेमतेम, आणि पोटात मूल. त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी संख्येने कमी पण आकाराने फुगलेल्या दिसत. ल्युसीबाईंनी त्या काय खातात ते तपासलं आणि खाण्यात काहीतरी कमी पडतंय हे ओळखलं. माकडांवर प्रयोग केले. मग यीस्टचा अर्क, म्हणजे मार्माइट नावाचा एक स्वस्त पदार्थ, बायकांना दिला आणि त्या भराभर सुधारल्या. १९३१ मध्ये त्यांनी हे जगासमोर मांडलं. अर्कातला तो अज्ञात घटक काही वर्षं विल्स यांच्याच नावाने ओळखला जाई. १९४१ मध्ये अमेरिकेत काही टन पालकातून तसाच घटक काढला गेला आणि पानाच्या लॅटिन शब्दावरून त्याला फॉलिक अ‍ॅसिड हे नाव पडलं. म्हणजे तुमच्याआमच्या पालकाच्या जुडीतलंच ते.

हा पदार्थ शुद्ध स्वरूपात मिळवणं आणि कारखान्यात बनवणं, हे काम सुब्बारावांच्या लेडर्लेतल्या चमूने केलं. १९४५ मध्ये तो प्रयोगशाळेत तयार करण्यात त्यांना यश आलं. ज्या आजाराने दोन भाऊ गेले, त्या स्प्रूवर आता गोळी तयार झाली. गरोदर बाईच्या रक्तक्षयावरही. गिरणीतल्या त्या बायकांपासून निघालेला धागा आज सरकारी लाल गोळीपर्यंत येतो, जिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असतं.

पण गोष्ट इथे वळण घेते. बॉस्टनच्या बाल रुग्णालयात डॉ. सिडनी फार्बर रक्ताच्या कर्करोगाची मुलं पाहात होते. त्या काळी ल्युकेमिया म्हणजे काही आठवड्यांचा पाहुणा. फॉलिक अ‍ॅसिडच्या जातीची औषधं देऊन पाहिली, तर आजार उलट जोरावल्यासारखा दिसला. मग डोक्यात उलटा विचार आला. पेशी वाढायला फॉलिक अ‍ॅसिड लागतं, तर त्याच्यासारखंच दिसणारं पण काम न करणारं काहीतरी पेशीला दिलं तर? कुलपात बसते पण फिरत नाही, अशी खोटी किल्ली. सुब्बारावांच्या प्रयोगशाळेने अशा खोट्या किल्ल्या बनवल्या. पहिली उपयोगी पडली ती अमिनोप्टेरिन. १९४७ च्या अखेरीस फार्बर यांनी ती मुलांना द्यायला सुरुवात केली आणि जून १९४८ मध्ये निष्कर्ष छापला. सोळा मुलांपैकी दहा मुलांचा आजार काही काळापुरता मागे हटला होता. काही काळापुरताच, पण त्याआधी तेवढंही कधी घडलं नव्हतं. याच कुळातली, अधिक सुरक्षित ठरलेली धाकटी बहीण म्हणजे आपली मेथोट्रेक्सेट.

तोवर त्यांच्या हाताखाली आणखीही कामं झाली होती. हत्तीरोगावरची डीईसी ही गोळी तिथलीच. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा अशा जिल्ह्यांतल्या मैत्रिणींनी आरोग्यसेविकेच्या समोर उभं राहून ती गिळलेली असेल. मातीतल्या जंतूपासून मिळालेलं ऑरिओमायसिन हे टेट्रासायक्लिन घराण्यातलं पहिलं अँटिबायोटिकही तिथूनच १९४८ मध्ये बाहेर आलं. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, वयाच्या ५३ व्या वर्षी, सुब्बाराव झोपेतच हृदय बंद पडून गेले. भारतीयांना अमेरिकेचं नागरिकत्व घेण्याची मुभा १९४६ मध्ये मिळाली होती, पण ते गेले ते भारतीय म्हणूनच. नोबेल वगैरे काही त्यांच्या वाट्याला आलं नाही. १९९५ मध्ये जन्मशताब्दीला आपल्या टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं.

पुढचं त्यांनी पाहिलं नाही. १९५१ मध्ये गुब्नर या डॉक्टरांना अमिनोप्टेरिनने आमवात आणि सोरायसिस उतरतो असं दिसलं. १९५६ मध्ये गर्भाच्या वारेतून उद्भवणारा एक जीवघेणा कर्करोग मेथोट्रेक्सेटने पूर्ण बरा झाला. केवळ औषधाने बरा झालेला हा पहिला गाठीचा कर्करोग, आणि तो बायकांचा. १९८८ मध्ये अमेरिकेत या गोळीला आमवातासाठी रीतसर मान्यता मिळाली. आज खारघरच्या आमच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये, म्हणजे टाटा मेमोरियलच्या केंद्रात, गावोगावची ल्युकेमियाची मुलं येतात. या मुलांना बरं करणाऱ्या औषधांत मेथोट्रेक्सेट अजूनही आहे.

मग लशीशी याचा संबंध काय? लस टोचली की शरीराला शत्रूची ओळख पटते. तो शत्रू ओळखणाऱ्या मोजक्या पेशी रक्तात असतात. त्या भराभर वाढून प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडीज, तयार करायला लागतात. लग्नघरी अचानक पाचशे पानांची पंगत ठरावी आणि पोळ्या लाटायला चार बायका असाव्यात, तशी ती अवस्था. चाराच्या चाळीस, चाळिसाच्या चारशे व्हाव्या लागतात. पेशी एकीच्या दोन होताना फॉलिक अ‍ॅसिड लागतं, आणि मेथोट्रेक्सेट नेमकी तिथेच हात धरते. आमवातात शरीराची फौज स्वतःच्याच सांध्यांवर चालून जाते, म्हणून तिला आवर घालायचा असतो. हाच आवर लशीच्या वेळी आड येतो. फौज गाफील राहात नाही, पण सुस्त राहते. आठवड्याच्या कमी डोसात ही गोळी आणखीही वाटांनी काम करते. त्यामुळे सोबत फॉलिक अ‍ॅसिड घेतलं म्हणून गोळीचा गुण जात नाही, तिचा त्रास मात्र कमी होतो.

औषधाने प्रतिपिंडं अडतात हे प्रयोगाने दाखवलं ते बॉस्टनमध्येच, १९५८-५९ च्या सुमारास. श्वार्ट्झ आणि डेमशेक या डॉक्टरांनी सशांना परकं प्रथिन टोचलं आणि सोबत ६-एमपी नावाचं औषध दिलं. सशांच्या रक्तात प्रतिपिंडं तयार झालीच नाहीत. हे औषध बनवणाऱ्यांपैकी एक जॉर्ज हिचिंग्ज. तेही एकेकाळी फिस्के यांच्याच प्रयोगशाळेत, जिथे सुब्बाराव होते. दुसरी गर्ट्रूड एलियन. बाई म्हणून जिला प्रयोगशाळेची नोकरी मिळत नव्हती, जिला पीएचडी करता आली नाही, अशी ही बाई १९८८ मध्ये नोबेलची मानकरी झाली. त्यांच्याच अ‍ॅझाथायोप्रिन या पुढच्या औषधाने मूत्रपिंड रोपणाचं दार उघडलं. दुसऱ्याचं मूत्रपिंड शरीराने स्वीकारावं म्हणून आवर हवा, आणि लस लागू पडावी म्हणून तोच आवर थोडा सैल हवा. सारं कौशल्य या दोन्हीचा मेळ घालण्यात आहे.

हा मेळ कसा घालायचा, याचीही उत्तरं आता मिळू लागली आहेत. कोरियात आमवाताच्या रुग्णांना फ्लूची लस दिल्यावर काहींची मेथोट्रेक्सेट दोन आठवडे थांबवली. २०१८ मध्ये ते निष्कर्ष छापून आले. गोळी थांबवलेल्या शंभरातल्या सुमारे ७५ जणांत लशीचा समाधानकारक परिणाम दिसला, चालू ठेवलेल्यांत सुमारे ५४ जणांत. ब्रिटनमध्ये करोनाच्या बूस्टरच्या वेळी २५४ जणांवर असाच अभ्यास झाला. २०२२ मध्ये कळलं की दोन आठवडे गोळी थांबवलेल्यांत प्रतिपिंडं जवळजवळ दुप्पट होती आणि बारा आठवड्यांनीही फरक टिकून होता. काहींचे सांधे मधल्या काळात दुखले, तेही खरं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने मार्गदर्शन केलं. फ्लूच्या लशीनंतर, आजार आटोक्यात असेल तर, मेथोट्रेक्सेट दोन आठवडे थांबवावी. इतर मृत लशींसाठी ती चालू ठेवावी. आणि फ्लूची लस गोळीच्या वेळापत्रकासाठी लांबवू नये.

सगळी औषधं मात्र सारखी नाहीत. रिटुक्सिमॅब या सलाईनमधून देतात त्या औषधाने प्रतिपिंडं तयार करणाऱ्या पेशीच काही महिने नाहीशा होतात. त्यामुळे ते सुरू होण्याआधीच लशी उरकून घेणं उत्तम. आधीच चालू असेल, तर पुढचा डोस जवळ येतो तेव्हा लस घेऊन डोस दोन आठवडे पुढे ढकलतात. फ्लूची लस मात्र त्यासाठीही थांबवत नाहीत. स्टेरॉइडचा थोडा डोस लशीला फारसा आड येत नाही, मोठा डोस येतो. टोफासिटिनिबसारख्या गोळ्यांवर नागीण उठण्याचा धोका वाढतो. नागिणीची जिवंत जंतू नसलेली लस २०२३ पासून भारतात मिळते. महाग आहे, पण डॉक्टरांना विचारून ठेवावं.

शिबिरात मी जे वहीत लिहून घ्यायला सांगते, तेच इथेही सांगते. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. वार कॅलेंडरवर लिहा, घरातल्या आणखी एकाला सांगून ठेवा. चुकून रोज घेतली गेली तर जिवावर बेतू शकतं. मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांना सांगा, कारण ही गोळी गर्भाला घातक आहे आणि ती बऱ्याच आधी बंद करावी लागते. गोवर-रुबेला, कांजिण्या, बीसीजी अशा जिवंत लशी या औषधांवर असताना विचारल्याशिवाय घेऊ नका. फ्लू, न्यूमोनिया, कावीळ बी, धनुर्वात आणि आपल्याकडे दिलेल्या करोनाच्या कोव्हिशील्ड, कोव्हॅक्सिन या लशी जिवंत नाहीत, त्यांनी तो आजार होत नाही. गरोदरपणात आमवाताची जैविक इंजेक्शनं घेतली असतील, तर बाळाला बीसीजी देण्याआधी बालरोगतज्ज्ञांच्या कानावर घाला. केमो चालू असलेल्या मुलाच्या लशी त्याचेच डॉक्टर ठरवतील. पण घरातल्या बाकीच्यांनी आपापल्या लशी पूर्ण घ्या, कारण त्या लेकराभोवतीचं कुंपण तुम्हीच आहात.

आणि सर्वांत महत्त्वाचं, लस लागणार नाही म्हणून ती टाळू नका, आणि लशीसाठी स्वतःच्या मनाने औषध तोडू नका. निम्मं संरक्षण हे काही नसण्यापेक्षा कितीतरी बरं. गोळी थांबवायची का, कधी, किती दिवस, हा प्रश्न आपल्या डॉक्टरांना आपणच विचारायचा. तालुक्याच्या गावी दवाखान्यात गर्दी असते, डॉक्टरांना वेळ नसतो, आपल्यालाही संकोच वाटतो. म्हणून चिठ्ठीवर लिहून न्या: कोणती औषधं चालू आहेत, शेवटचा डोस कधी घेतला, कोणती लस घ्यायची आहे. एवढ्याने अर्धं काम होतं.

सुब्बारावांचं आयुष्य वाचताना मला सारखं जाणवतं की या शास्त्राला सुरुवातीपासून बायकांचं देणं आहे. मुलाला काशीच्या वाटेवरून परत आणणारी आई, माहेरी वाट पाहात राहिलेली बायको, परळला गिरणीतल्या पोटुशींचं रक्त तपासणारी डॉक्टर, आणि नावगाव न उरलेल्या त्या गिरणीतल्या बायका. यांच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं, की एक दिवस जालन्यात किंवा सावंतवाडीत कुणाची तरी आखडलेली बोटं पुन्हा पोळी लाटू लागतील. आपल्याला ठाऊक आहे. तेव्हा या आठवड्याची गोळी हातात घेताना पाकिटावरचा वार एकदा तपासा, आणि यंदाची फ्लूची लस घ्यायची राहिली असेल तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना आठवणीने विचारा.